पहिल्यांदा अभ्यंगाला जाताना

दिवाळीच्या पहाटे घरी तेल लावून घेणं वेगळं आणि पंचकर्म केंद्रात जाऊन अभ्यंग-स्वेदन, म्हणजे तेलाची मालिश आणि मग वाफ, करून घेणं वेगळं. केंद्रात एक अनोळखी माणूस पाऊण तास तुमच्या अंगावर काम करतो. त्याआधी तपासणी व्हायला हवी आणि नंतर वाफ असते. पहिल्यांदा जाणारी बरीच माणसं भिडेपोटी गप्प राहतात. तेल चटका देतं, दाब सोसवत नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं सांगायचं राहून जातं, तरी तोंडातून शब्द निघत नाही. काय काय होणार हे आधी माहीत असेल तर वेळेवर बोलता येतं.

सगळं मिळून दीड तास मोकळा ठेवा. त्यात तेलाचं काम ४५ मिनिटं ते तासभर, वाफ १० ते १५ मिनिटं आणि बाकी वेळ कपडे बदलणं, थोडी विश्रांती, आंघोळ. फोनवर वेळ ठरवतानाच दोन गोष्टी विचारून घ्या. वाफेचे पैसे त्यातच धरलेत का? आणि थेरपिस्ट स्त्री असेल की पुरुष? आयुर्वेदिक केंद्रांत स्त्रियांना स्त्री आणि पुरुषांना पुरुष हीच पद्धत असते, पण गृहीत धरू नका. तपासणारे वैद्य बी.ए.एम.एस. (आयुर्वेदाची पदवी घेतलेले) आहेत का आणि महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. चांगल्या ठिकाणी ते प्रमाणपत्र भिंतीवरच लावलेलं असतं.

जेवून लगेच जाऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या. अजीर्ण झालेलं असताना अभ्यंग करू नये, असं आयुर्वेदात स्पष्ट सांगितलेलं आहे आणि भरल्या पोटी पालथं झोपणं त्रासाचंच असतं. पण अगदी उपाशीही जाऊ नका, कारण वाफेत घाम गेल्यावर चक्कर येते. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्याची वेळ मुळीच चुकवू नका, दीड-एक तास आधी हलकं खाऊन जा. अंगठी, साखळी घरीच ठेवा. तेलाचे डाग पडले तरी चालतील असे सैल सुती कपडे घाला. कॉन्टॅक्ट लेन्स आधीच काढा. पाळी चालू असेल तर बरीच केंद्रं अभ्यंग करत नाहीत, म्हणून आधी फोन केलेला बरा.

सगळ्यात महत्त्वाचा भाग तेल लागण्याआधीचा. वैद्यांनी निदान दहा मिनिटं तुमच्याशी बोलायला हवं, नाडी आणि रक्तदाब पाहायला हवा. कोणी एक प्रश्न न विचारता थेट टेबलाकडे नेत असेल तर तिथे थांबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कोणी विचारलं नाही तरी काही गोष्टी आपणहून सांगायच्याच. एकाच पोटरीला सूज असेल, ती दुखत असेल, गरम लागत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून मालिश नाही, आधी डॉक्टर. वॉरफेरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराच्या दाबाने त्वचेखाली रक्त साकळतं. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठीवर भार देऊन दाबल्याने बरगडी मोडू शकते. व्हेरिकोज व्हेन्सवर, म्हणजे पायावरच्या फुगलेल्या शिरांवर, थेट दाब द्यायचा नसतो. ताप, पिकलेली जखम, गजकर्ण, ताजं ऑपरेशन, कर्करोगाचे उपचार, गरोदरपण यांपैकी काही असेल तर निर्णय वैद्य आणि तुमचे डॉक्टर मिळून घेतील. तिळाची ॲलर्जी असेल तर ती सर्वात आधी सांगा, कारण बहुतेक औषधी तेलं तिळाच्या तेलातच सिद्ध केलेली असतात. त्वचा नाजूक असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर तेल लावून चोवीस तास वाट पाहा.

खोलीत गेल्यावर कपडे बदलायला तुम्हाला एकटं सोडतात. लंगोट किंवा वापरून टाकायचा कागदी अंतर्वस्त्राचा जोड देतात. वर चादर किंवा टॉवेल असतो आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा ठेवायचा असतो. टेबल लाकडी असतं, त्याला द्रोणी म्हणतात. कडेला पन्हळ असते, सांडलेलं तेल तिच्यातून वाहून जातं. तेल लावल्यावर द्रोणीवरून सहज घसरायला होतं, म्हणून कूस बदलताना घाई करू नका.

पूर्ण अंगाला साधारण १०० ते १५० मि.ली. तेल लागतं. वाताच्या दुखण्याला महानारायण किंवा सहचर, कोरड्या आणि थकलेल्या शरीराला क्षीरबला, अशी निवड वैद्य करतात. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करतात, थेट गॅसवर तापवत नाहीत, कारण मग ते कुठे किती तापलं याचा अंदाज राहत नाही. अंगावर घेण्याआधी थेरपिस्ट ते स्वतःच्या मनगटावर बघतात. तेल ताज्या बाटलीतलं आहे ना, हे विचारा. एकाच्या अंगावरून निथळलेलं तेल दुसऱ्याला वापरणं कुठेही मान्य नाही.

सुरुवात बहुतेक वेळा बसवून, डोक्यापासून होते. टाळू, कान, मान, खांदे झाले की उताणं झोपवून पाय, हात, पोट, छाती आणि मग पालथं करून पाठ, कंबर, मांड्या. हातापायांवर लांब हात फिरतो, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. केंद्रागणिक क्रम थोडा बदलतो, त्याला हरकत नाही.

दाबाबद्दल मात्र नीट समजून घ्या. ‘जितकं दुखेल तितकं चांगलं’ हा समज चुकीचा आहे. दुखरा पण हवासा दाब ठीक. ज्या दाबाने श्वास रोखला जातो, मुठी आवळल्या जातात, तो जास्त झाला. तेव्हा स्नायू सैल पडण्याऐवजी बचावासाठी आणखी आखडतो आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं. ‘इथे हलकं करा’ एवढं म्हणणं पुरे असतं. झणझणी किंवा मुंग्या आल्या तर दाब मज्जातंतूवर येतोय, लगेच सांगा. मान कडकन मोडायला कोणालाही देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला अशा झटक्याने इजा होऊ शकते. आणि स्पर्श नकोसा वाटला, चादर हवी त्यापेक्षा जास्त सरकली, तर ‘थांबा’ म्हणून उठून बसा. कारण द्यावं लागत नाही.

वाफेच्या पेटीत डोकं बाहेर राहतं. कपाळावर ओला रुमाल ठेवतात, मध्ये घोटभर पाणी देतात. कपाळावर घाम फुटला आणि अंग हलकं वाटलं की पुरे, ठरलेली मिनिटं भरायचा हट्ट नको. छातीत धडधड, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब दार उघडायला सांगा. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब आणि गरोदरपण असेल तर वाफ टाळायची. मधुमेहामुळे पाय बधिर असणाऱ्यांनी जास्त जपावं. बऱ्याच पेट्यांत वाफेची नळी पायाशी उघडते आणि चटका बसलेला कळतच नाही, फोड आल्यावर कळतं. पायाखाली लाकडी फळी आहे का, ते आत बसण्यापूर्वी बघा.

उठताना आधी कुशीवर वळा, मग बसा, मिनिट-दोन मिनिटांनी उभे राहा. तळवे पुसल्याशिवाय फरशीवर पाय ठेवू नका, कारण तेलकट पायांनी घसरून पडण्याची शक्यता मोठी असते. आंघोळीला कोमट पाणी आणि हिरव्या मुगाचं किंवा चण्याचं पीठ वापरा. केस धुताना पाणी घेण्याआधीच कोरड्या तेलकट केसांना शाम्पू चोळा, तेल चटकन सुटतं. लगेच दुचाकी चालवू नका.

एक-दोन दिवस अंग थोडं दुखणं स्वाभाविक आहे. काळेनिळे डाग, ताप, एकाच पायाला सूज आली तर डॉक्टरांकडे जा. मानेवर काम झाल्यानंतर बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं, तोल जाऊ लागला तर थेट रुग्णालय गाठा.

अभ्यंगाने आखडलेपण कमी होतं, झोप चांगली लागते, मन निवांत होतं, आणि हे काही थोडं नाही. पण तेलाने चरबी वितळत नाही आणि मणक्यातली सरकलेली चकती जागेवर बसत नाही. व्यायामानंतर साठलेलं लॅक्टिक आम्ल शरीर स्वतःच साधारण तासाभरात संपवतं, त्यासाठी मालिश लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी १४ किंवा २१ बैठकांचं पॅकेज घेऊ नका. एक बैठक घ्या, तीन दिवस अंग कसं वाटतं ते पाहा आणि किती बैठकांनंतर नेमका काय फरक अपेक्षित आहे, हे वैद्यांना विचारा. निघताना वापरलेल्या तेलाचं नाव केसपेपरवर किंवा पावतीवर लिहून घ्या. उद्या पुरळ उठलं तर पुढच्या डॉक्टरांना त्याचाच उपयोग होईल.