कच-देवयानीची गोष्ट वर्गात घ्यायची असेल तर

नववी-दहावीला कच-देवयानी शिकवायची असेल, तर आधी घरी बसून ती महाभारताच्या आदिपर्वात आहे तशी वाचून काढा. चित्रांच्या पुस्तकातला कच फार गुणी असतो. गुरूच्या गाई राखतो, मरतो, जिवंत होतो, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या घेऊन घरी जातो. पण ज्या गोष्टीवर सगळं उभं आहे तीच तिथे गाळलेली असते. देव कचाला असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे ही विद्या आणायला धाडतात तेव्हाच बजावतात, की त्यांच्या मुलीला, देवयानीला, प्रसन्न कर, ती प्रसन्न झाली की विद्या मिळालीच समज. मग कच तिच्यापुढे गातो, नाचतो, वाद्यं वाजवतो, फुलं-फळं आणून देतो. हे सांगायला लाजलात तर पुढचे दोन्ही तास वाया गेले समजा.

हो, दोन तास. जोडून मागून घ्या, शारीरिक शिक्षणाच्या सरांना पटवा, काहीही करा. एका तासात ही गोष्ट फक्त सांगून होते.

मी गडचिरोली जिल्ह्यात मराठी शिकवते. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाची, नाटकं लागतात. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो, दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग डोळे चोळत येतो. बाकीचे शिक्षक वैतागतात. मी ही गोष्ट मुद्दाम त्याच दिवसांत घेते, कारण प्रेम, कपट, बापाचा संताप, हे सगळं या पोरांनी रात्रभर मांडी घालून पाहिलेलं असतं. त्यांना समजावून सांगायची गरज नसते, फक्त योग्य जागी थांबून विचारावं लागतं. धानाच्या कापणीचा जोर मात्र ओसरू द्या. मुली बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आणि वर्गात नुसते मुलगे, अशा वेळी ही गोष्ट घेऊ नका.

सांगताना घाई नको. प्रचलित पाठात कच तीनदा मरतो, आणि दर वेळी देवयानीच्या सांगण्यावरून शुक्राचार्य त्याला उठवतात. पहिल्या वेळी असुर त्याचे तुकडे करून लांडग्यांना घालतात आणि संध्याकाळी गाई एकट्याच परत येतात. इथे पोरं एकदम गप्प होतात. गुराख्याशिवाय गुरं घरी आली म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही. दुसऱ्या वेळी तो देवयानीसाठी फुलं आणायला गेलेला असतो. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यात कालवून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच गुरूच्या पोटात. तो जिवंत होऊन बाहेर आला तर गुरू मरणार. देवयानी म्हणते, मला दोघंही हवेत. इथे खडू खाली ठेवा आणि विचारा, शुक्राचार्यांनी काय करावं? उत्तर सांगू नका. कोणीतरी काढतंच, की पोटातल्या पोटातच शिकवून टाकायचं.

मग येतो तो प्रसंग, ज्यासाठी मी ही गोष्ट घेते. कच पोट फाडून बाहेर आला आहे. विद्या त्याच्याकडे आहे. समोर शत्रुपक्षाचा गुरू मरून पडला आहे. देवांचं काम झालं, युद्ध जिंकल्यात जमा. निघून जायला त्याला कोण अडवणार? पण तो आधी शुक्राचार्यांना उठवतो. का उठवतो, यावर वर्गाला हवा तेवढा वेळ भांडू द्या. एका वर्षी मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘‘मॅडम, तो त पयलेच ठरवून आला होता ना जी, मंग आता कायले दया आली?’’ शेजारची म्हणाली, ‘‘शिकवलं ना गा त्यानं! शिकवणाऱ्याले कोणी मारते काय?’’ मी दोघांनाही बरोबर म्हटलं नाही. तुम्हीही म्हणू नका.

आता फळ्यावर चार रकाने आखा: कोण, काय हवं होतं, त्यासाठी काय केलं, किंमत कोणी मोजली. कच, देवयानी, शुक्राचार्य, देव, असुर, सगळ्यांची नावं घाला. असुरांना विसरू नका. आपली विद्या शत्रूच्या हाती जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं, आणि हे हवं असण्यात वाईट काय, असा प्रश्न पोरंच काढतात. रकाने भरून होईपर्यंत ‘चूक की बरोबर’ हा शब्द वर्गात येऊ द्यायचा नाही. हा नियम कडक पाळा. आपल्या वर्गांत पोरं उत्तर हुंगून देतात. मॅडमना संस्कार हवेत म्हटल्यावर संस्कार देतात. हवेपणा आधी फळ्यावर मांडला, की ती सावधपणे, पण खरं बोलू लागतात.

देवयानीच्या ओळीवर मुलगे हसणार, ‘लाईन’ वगैरे कुजबुजणार. रागावू नका. शांतपणे विचारा, लाईन आधी कोणी मारली? गाणं कोणी म्हटलं, फुलं कोणी आणली, आणि कोणाच्या सांगण्यावरून? हसू तिथेच विरतं. पुढे ती लग्नाचं विचारते. तो म्हणतो, तू गुरुकन्या, शिवाय ज्या पोटातून तू आलीस त्याच पोटात मी राहिलो, म्हणजे बहीण झालीस. ‘‘हे त्याले पयले नाही सुचलं काय?’’ असं एखादी मुलगी विचारेलच. कचाची बाजूही मांडायला लावा, नाहीतर त्याला खलनायक करून सगळे मोकळे होतात.

दारूचा भाग आमच्याकडे जपून घ्यावा लागतो. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्य ब्राह्मणांना मद्य निषिद्ध ठरवतात. आमच्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि मोहाच्या दारूचा वास कोणत्या गल्लीत येतो हे प्रत्येक पोराला ठाऊक आहे. कोणाच्याही घरचा विषय निघू देऊ नका. एवढंच विचारा, की इतका मोठा ज्ञानी, त्याला पेल्यात काय आहे ते का दिसलं नाही? आणि पुढे चला.

शापांना मात्र वेळ द्या. देवयानी म्हणते, तुला ही विद्या फळणार नाही. कच म्हणतो, तू हा शाप कामापोटी देतेस, धर्माला धरून नव्हे. मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. आणि उलट शाप देतो, की कोणताही ऋषिपुत्र तुझं पाणिग्रहण करणार नाही. इथे विचारायचं: कपटानं मिळवलेली विद्या खोटी होते का? पोरं थेट परीक्षेवर येतात. ‘‘कॉपी करून पास झाला तरी मार्कशीट खरीच राह्यते ना जी.’’ राहते. मग त्या मार्कशीटवर मास्तर झालेल्याकडून शिकलेल्या पोराचं काय? हा प्रश्न टाकून मी खुशाल खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

लिहायला देताना ‘या कथेतून काय बोध मिळतो’ हे चुकूनही देऊ नका. कच निघून गेला त्या रात्री देवयानीनं बापाला काय म्हटलं असेल, ते पंधरा ओळींत लिहा, असं द्या. ज्यांना ते अवघड जातं त्यांना शुक्राचार्य द्या, दोन पोरं मिळून संवादही लिहू देत. तपासताना मत पटलं की नाही ते बघू नका. गोष्टीत घडलेलं काही धरून लिहिलंय का, तेवढंच बघा. ‘तिला खूप वाईट वाटलं’ याला गुण नाहीत. ‘गाई परत आल्या तेव्हा मीच तुम्हाला सांगितलं, नाहीतर तो मेलाच होता’ याला पूर्ण गुण.

‘शाळेत प्रेमाच्या गोष्टी शिकवता’ अशी तक्रार येते. आदिपर्व टेबलावर ठेवा. समोरचे नाटकवाले असतील, आणि आमच्याकडे असतातच, तर सांगा की याच कथेवर खाडिलकरांनी 1913 मध्ये ‘विद्याहरण’ हे संगीत नाटक आणलं. बहुतेक वेळा बोलणं मग नाटकांकडे वळतं आणि तक्रार मागे पडते.

शेवटी पोरं विचारतात, देवयानीचं पुढे काय झालं? कचाचा शाप खरा झाला, तिचं लग्न ययाती राजाशी झालं, एवढंच सांगून वह्या गोळा करा. शर्मिष्ठेशी कपड्यांवरून झालेलं तिचं भांडण त्याच तासात कोंबू नका, त्याला वेगळा आठवडा लागतो.