जुन्या कौटुंबिक फोटोंमधून एक एकत्रित छायाचित्र कसे तयार करावे

आजोबा गेले तेव्हा नातीचा जन्मही झालेला नव्हता, किंवा दोघा भावंडांचा मोठेपणी एकत्र असा एकही फोटो निघाला नाही, अशा उणिवा बहुतेक घरांच्या अल्बममध्ये सापडतात. वेगवेगळ्या काळांतले फोटो संगणकावर एकत्र आणून ही उणीव भरून काढता येते आणि जवळच्या माणसाला देण्यासाठी असे चित्र मोलाची भेट ठरते. मात्र अशा चित्राचे यश सॉफ्टवेअरमधल्या कौशल्यापेक्षा फोटोंच्या निवडीवर अधिक अवलंबून असते, त्यामुळे पहिला वेळ तिथेच द्यावा.

फोटो निवडताना

प्रत्येक फोटोत नाकाची सावली कोणत्या गालावर पडली आहे ते आधी पाहावे. एकाच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि शेजारच्याच्या चेहऱ्यावर उजवीकडून येत असेल, तर बाकी काम कितीही सफाईदार झाले तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहते. त्यानंतर कॅमेऱ्याची उंची आणि अंतर तपासावे. अगदी जवळून टिपलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, तर लांबून काढलेल्या फोटोत चेहरा सपाट भासतो. हे दोन प्रकार शेजारीशेजारी सहसा जुळत नाहीत. ढगाळ हवेत किंवा सावलीत काढलेले फोटो एकमेकांशी सर्वांत सहज जुळतात.

उजेडाची दिशा जुळावी म्हणून फोटो आडवा उलटवण्याचा मोह होतो, पण तो शक्यतो टाळावा. भांग दुसऱ्या बाजूला जातो, गालावरचा तीळ जागा बदलतो, घड्याळ उजव्या हातात येते, आणि ज्याने ते माणूस रोज पाहिले आहे त्याला चेहरा तत्क्षणी परका वाटतो. भेट ज्याला द्यायची, तो नेमका असाच जवळचा माणूस असतो.

स्कॅनिंग

फोटोवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी. पाणी किंवा काच पुसण्याचे द्रव वापरू नये. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढल्यास त्यावरचा चित्राचा थर निघून येतो, म्हणून तो काचेसकटच स्कॅन करावा. नेहमीच्या आकाराचा फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचामागे ६०० पिक्सेल, चित्राचे बारीक ठिपके) आणि पासपोर्ट आकाराचा १२०० डीपीआयवर स्कॅन करणे योग्य. यामागचा हिशेब सोपा आहे: छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल लागतात, त्यामुळे ६०० डीपीआयवर स्कॅन केलेला एक इंचाचा चेहरा दोन इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो. फाइल टिफ स्वरूपात ठेवावी, कारण जेपेग फाइल बदल करून पुन्हापुन्हा जतन केली की दर वेळी तिचा दर्जा थोडा उतरतो.

कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत मोडमध्येच स्कॅन करावा. रंगीत फाइलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची माहिती वेगवेगळी साठवलेली असते, त्या प्रत्येक भागाला चॅनल म्हणतात. कागदावरचे पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. त्यामुळे फक्त लाल चॅनल घेऊन कृष्णधवल प्रत बनवली, की डाग पुसण्याचे बरेचसे कष्ट वाचतात. उरलेले ओरखडे हीलिंग आणि क्लोन साधनांनी (ती शेजारचा चांगला भाग खराब जागेवर उतरवतात), मूळ फाइलच्या प्रतीवर, काढावेत.

जोडणी

हे काम फोटोशॉपमध्ये करता येते, तसेच मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही. ज्या फोटोत जागा मोकळी आहे आणि माणसे जास्त आहेत, तो पाया म्हणून घ्यावा व इतर व्यक्ती स्वतंत्र लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, आणाव्यात. नको असलेला भाग खोडण्याऐवजी लेअर मास्कने (थराचा भाग न पुसता लपवणाऱ्या पडद्याने) झाकावा, म्हणजे चुकलेली कड केव्हाही परत आणता येते. कड एक-दोन पिक्सेल मऊ ठेवावी; केसांभोवती मात्र लहान, मऊ ब्रशने सावकाश काम करावे लागते. छातीपर्यंतचाच फोटो उपलब्ध असेल, तर त्या व्यक्तीला बसलेल्यांच्या मागे उभे करावे, म्हणजे खालचा भाग आपोआप झाकला जातो. मागच्या रांगेतला चेहरा पुढच्यापेक्षा किंचित लहान हवा.

रंग जुळवण्यात फार वेळ घालवू नये. एक फोटो पिवळा पडलेला आणि दुसरा लालसर झालेला असेल, तर सगळे कृष्णधवल करून शेवटी संपूर्ण चित्राला एकच फिकट तपकिरी छटा द्यावी. खरे काम गडद आणि उजळ छटांचे आहे: एका फोटोतला सर्वांत काळा भाग दुसऱ्यातल्या काळ्याइतकाच काळा दिसेपर्यंत लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज ही गडद-उजळपणा बदलणारी साधने फिरवावीत. एक चेहरा धूसर असेल, तर त्याला जबरदस्तीने धारदार न करता शेजारचा स्पष्ट चेहरा थोडा मऊ करावा. खांद्याला खांदा लागतो तिथे हलकी सावली रंगवावी आणि सर्वांत शेवटी पूर्ण चित्रावर, फिल्मवरच्या फोटोत दिसतात तसे, एकसारखे बारीक दाणे (ग्रेन) घालावेत; सगळी माणसे एकाच क्षणी टिपल्यासारखी दिसण्यात या दाण्यांचा मोठा वाटा असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा स्पष्ट करणारी साधने फार सावधपणे वापरावीत. फोटोत नसलेला तपशील ती अंदाजाने भरतात, त्यामुळे डोळे आणि ओठ सुबक होतात खरे, पण ते त्या माणसाचे राहतीलच असे नाही. फाटलेली पार्श्वभूमी भरून काढण्यासाठी त्यांचा उपयोग जरूर करावा. चेहरा धूसर असला तरी मूळचाच राहू द्यावा.

छपाई

८ × १० इंचांच्या छपाईसाठी चित्र २४०० × ३००० पिक्सेलचे हवे. पडदा स्वतः उजळ असल्याने कागदावर चित्र अपेक्षेपेक्षा गडद उतरते. म्हणून आधी लहान नमुना छापून पाहावा. मॅट कागद निवडला तर चकाकी येत नाही आणि जोडाच्या खुणाही कमी जाणवतात.

फ्रेम करण्यापूर्वी मागच्या बाजूला पेन्सिलीने, दाब न देता, हे चित्र जोडून तयार केले आहे असे स्पष्ट लिहावे आणि कोणती व्यक्ती कोणत्या वर्षीच्या फोटोतून घेतली तेही नोंदवावे, नाहीतर पुढच्या पिढीतले कोणी ही माणसे खरोखरच एकत्र आली होती असे समजून बसेल. मूळ फोटोंचे स्कॅन आणि लेअर असलेली फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जतन करावी, आणि त्यांतली एक प्रत भेटीसोबतच द्यावी.