कपाटाच्या दारावरची प्रमाणं

सुट्टीत घरी माणसं जमली की जाताना कुणी ना कुणी म्हणतंच, "त्या गोडाची रेसिपी पाठव हं." मी पाठवते ती अशी: १-२-३. नणंदबाईंना पहिल्यांदा वाटलं, मी चुकून कुठला तरी पासवर्डच पाठवला.

आमच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर चारपाच ओळी आहेत, सगळ्या आकड्यांच्या: कुठला जिन्नस कुठल्याच्या किती पट घ्यायचा, तोही वजनावर. घरच्या जेवणापासून सुट्टीतल्या गोडधोडापर्यंत माझं बरंचसं काम त्यावर भागतं. पाककृतीत "दोन कप मैदा" लिहिलेला असतो, पण कप कुठला आणि भरायचा कसा? चमच्याने हलकेच भरला तर कपात साधारण १२० ग्रॅम मैदा बसतो, तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५०च्या घरात जातो. बिस्किट दगड झालं म्हणून ओव्हनला दोष देणाऱ्यांनी आधी एवढं बघावं. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. भांडं ठेवून शून्य करायचं, एक जिन्नस घालायचा, परत शून्य करायचं, पुढचा घालायचा. घासायची भांडीही कमी होतात, हा फायदा कुणी सांगत नाही.

आधी जेवण. कागदावरची पहिली ओळ १-१-१० : बटर, मैदा, दूध. हा व्हाइट सॉस. चारपाच जणांच्या बेक्ड पास्त्याला मी ६० ग्रॅम बटर, ६० ग्रॅम मैदा आणि ६०० मिली दूध घेते. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर बटर वितळवायचं, मैदा घालून दीडदोन मिनिटं परतायचं. कच्चट वास जाऊन भाजल्याचा खमंग वास यायला लागला, की रंग बदलायच्या आत पातेलं उतरवायचं. दूध थंडच घ्या आणि पहिल्यांदा अगदी थोडं, पाव वाटीभर. मिश्रण एकदम गोळा होईल, होऊ दे. घोटून गुळगुळीत झालं की परत थोडं दूध. असं तीनचार वेळा केलं की उरलेलं एकदम ओतलं तरी गुठळी होत नाही. मग परत आचेवर ठेवून ढवळत राहायचं, नीट उकळी येईपर्यंत. इथे घाई करणारे बरेच. उकळीच्या जवळ गेल्याशिवाय मैद्यातला स्टार्च पुरता फुलत नाही, त्यामुळे सॉस पातळ वाटतो, आणि मग लोक वरून आणखी मैदा भुरभुरतात. तसं करू नका.

चीज घालायचं ते आच बंद करून. उकळत्या सॉसमध्ये घातलं तर त्याचे दोरे होतात आणि तेल वेगळं सुटतं. १०० ग्रॅम किसलेलं आत, ५० ग्रॅम वर पेरायला. पास्ता २५० ग्रॅम, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच उपसायचा. भाज्या ४०० ग्रॅमपर्यंत, कुठल्याही चालतील, फक्त मशरूम, पालक, टोमॅटो अशा पाणी सोडणाऱ्या असतील तर आधी मोठ्या आचेवर परतून कोरड्या करून घ्या. सगळं एकत्र केल्यावर ते हवं त्यापेक्षा सैल दिसलं पाहिजे, कारण ओव्हनमध्ये पास्ता सॉस पितो. २०० अंशांवर पंचवीसेक मिनिटं, कडेने बुडबुडे येऊन वरून तांबूस होईपर्यंत. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. आमच्याकडे हा नियम मोडायला मुलांपेक्षा नवराच पुढे असतो.

हाच सॉस दुधाचं प्रमाण वाढवून, १-१-१५ केला आणि त्यात शिजवून वाटलेली भाजी घातली की क्रीम सूप. त्यावर वेगळं काही सांगण्यासारखं नाही, मीठ-मिरी बघा म्हणजे झालं.

आता बिस्किटं, म्हणजे ते १-२-३ : साखर, बटर, मैदा. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. बटर वितळलेलं नको, फ्रीजमधून काढलेलं कडकही नको. बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण बोट आरपार जाऊ नये. साखर आणि बटर फक्त एकजीव करा, केकसारखं फुलवू नका. मग मैदा घालून बोटांच्या टोकांनी गोळा होईल इतपतच एकत्र आणायचं. मळायचं नाही. बटर मैद्याच्या कणांवर बसतं आणि त्यात चिवटपणा येऊ देत नाही, म्हणून तर ही बिस्किटं तोंडात विरघळतात. मळलंत की ते सगळं वाया.

गोळ्याची जाडसर लांब गुंडाळी करून प्लास्टिकमध्ये लपेटून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग अर्धा पाऊण सेंटिमीटर जाड चकत्या कापून १६० अंशांवर १८ ते २२ मिनिटं. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की काढा. हाताला मऊ लागतील, पण गार झाल्यावर कुरकुरीत होतात. मऊ आहेत म्हणून परत आत ढकललीत तर खाली जळतील. ३० ग्रॅम मैदा काढून तेवढाच कोको घातला की चॉकलेटची, संत्र्याची किसलेली साल घातली की वेगळीच. एक गुंडाळी कायम फ्रीझरमध्ये ठेवा, दोन महिने आरामात टिकते. न सांगता पाहुणे आले तर पाच मिनिटं बाहेर ठेवून, कापून सरळ ओव्हनमध्ये.

केक हा १-१-१-१ : अंडी, बटर, साखर, मैदा. चार अंडी टरफलासकट काट्यावर ठेवते. आकडा २२०-२४०च्या आसपास येतो, बाकीचे तिन्ही जिन्नस तेवढेच. बेकिंग पावडर दोन सपाट चहाचे चमचे. पावडर जुनी असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर फेकून द्या. बटर-साखर पांढरट, हलकी होईपर्यंत फेटायची, अंडी एकेक करून घालायची, फाटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा टाकायचा. शेवटी मैदा हलक्या हाताने. २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये १७० अंशांवर ४५ ते ५५ मिनिटं. पहिला अर्धा तास ओव्हनचं दार उघडायचं नाही. मुलांना आतला दिवा लावून दाखवा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी मी दुसरा हिशोब ठेवलाय: १९० ग्रॅम मैदा, २४० ग्रॅम दही, १७५ ग्रॅम साखर, १२० मिली बिनवासाचं तेल, सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की लगेच बुडबुडे सुरू होतात, तेव्हा मिश्रण करून गप्पा मारत बसू नका, ओव्हन आधीच तापलेला हवा. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी हाच केक जास्त मऊ राहतो.

आता माझा लाडका, कॅरॅमल पुडिंग. १२५ मिली दुधाला एक अंडं. म्हणजे अर्ध्या लिटरला चार अंडी आणि ८० ग्रॅम साखर.

कॅरॅमलला वेगळी १०० ग्रॅम साखर आणि तीन मोठे चमचे पाणी, आणि आतून फिकट रंगाचं पातेलं. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कळत नाही आणि इथे सगळा खेळ रंगाचा. साखर भिजली की आच मध्यम करायची आणि चमचा लांब ठेवून द्यायचा. ढवळलं की कडेला लागलेले साखरेचे दाणे पाकात पडतात आणि सगळा पाक परत साखर होऊन बसतो. पातेलंच गोल फिरवायचं. आधी मोठे, घाईचे बुडबुडे येतात. पाणी आटत आलं की ते लहान, जड आणि संथ होतात. मग एका कडेला पिवळसर छटा दिसते. इथून पुढे फोन घेऊ नका. पिवळ्याचा सोनेरी, सोनेरीचा तांबूस व्हायला मिनिटभरही लागत नाही. धूर दिसायच्या किंचित आधी, गडद तांबूस झाला की साच्यात ओता. फिका ठेवलात तर नुसता गोड लागतो, ती जराशी कडवट चव येतच नाही. हा पाक १७० अंशांच्या वर असतो आणि कातडीला चिकटतो, त्यामुळे या वेळी लहान मुलं ओट्यापाशी नकोत. साचा फडक्याने धरा, तोही लगेच तापतो.

दूध साखर घालून कोमट करा, उकळू नका. अंडी काट्याचमच्याने मोडा, फेस आणू नका. फेस म्हणजे हवा आणि हवा म्हणजे नंतर जाळी. दूध अंड्यांत हळूहळू ओतून गाळून घ्या. गाळणं टाळू नका, अंड्याचे पांढरे धागे गाळणीतच राहायला हवेत. व्हॅनिला घालून साच्यात ओता, वरून फॉइल लावा. खोल ट्रेमध्ये साचा ठेवून त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी. १५० अंशांवर ४५-५० मिनिटं. ओव्हन नसेल तर रुंद पातेल्यात जाळीवर ठेवून, झाकणाला फट ठेवून, अगदी मंद आचेवर ३५-४० मिनिटं. पाणी खदखदता कामा नये. अंड्या-दुधाचं हे मिश्रण ८०-८५ अंशांच्या आसपास जमतं, त्यापुढे गेलं की पाणी सोडतं आणि भोकं पडतात. साचा हलवून बघा: कडा स्थिर आणि मधे रुपयाएवढा भाग थरथरत असेल तेव्हाच काढा. तो भाग आतल्या उष्णतेवर जमतो. सगळं घट्ट होईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

मग रात्रभर फ्रीज. नुसतं गार होण्यासाठी नाही, तळाचं कडक कॅरॅमल पातळ होऊन त्याचा पाक व्हायला तेवढा वेळ लागतो. दोन तासांत उलटवलंत तर निम्मं कॅरॅमल साच्यालाच राहील.

सुट्टीतल्या डब्यात घालून द्यायला ट्रफल, म्हणजे चॉकलेटच्या मऊ गोळ्या. दोनास एक: २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून त्यावर १०० ग्रॅम गरम क्रीम, दोन मिनिटं झाकून मग मधून बाहेर ढवळत जायचं. दाणेदार झालं तर घाबरू नका, चमचाभर कोमट दूध घालून घोटा, परत चकचकीत होतं. गार करून गोळ्या वळा, कोकोत घोळवा, फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवा. वळायचं काम मुलांना द्यायचं, हिशोबाच्या निम्म्याच गोळ्या डब्यात जातील हे धरून.

कामाचा क्रम मात्र उलटा लावा. आदल्या दिवशी पुडिंग, ट्रफल आणि बिस्किटांची गुंडाळी. व्हाइट सॉसही करून ठेवता येतो, फक्त साय धरू नये म्हणून प्लास्टिक थेट सॉसला टेकवून लावा. सकाळी केक, कारण त्याला ओव्हन एकट्याला लागतो. तो निघाला की तापमान १० अंशांनी उतरवून बिस्किटं, आणि जेवणाच्या तासभर आधी ओव्हन २००वर नेऊन पास्ता.

कॅरॅमलचं पातेलं तारेच्या घासणीने खरवडत बसू नका. त्यात पाणी भरून गॅसवर उकळा, चिकटलेली साखर आपोआप सुटते.