गावातला जुना इंग्लिश पब बघायचा कसा

इंग्लंडला आलात की लंडन उरकून एक दिवस वूस्टरशायरमधल्या ब्रेटफर्टन गावासाठी ठेवा. तिथला 'फ्लीस इन' बघा. पंधराव्या शतकात हे एका शेतकऱ्याचं घर होतं, माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. दारूचा परवाना आला १८४८ मध्ये. १९७७ मध्ये मालकीण लोला टॅप्लिन यांनी मृत्युपत्राने ते नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. तेव्हा आत शिरल्यावर आधी घर शोधा, पब नंतर.

दारात लगेच घुसू नका. समोर लांब उभं राहून आढं आणि धुराडं बघा. छप्पर गवताने शाकारलेलं आहे. २००४ मध्ये धुराड्यातली ठिणगी पडून ते पेटलं आणि वास्तू जेमतेम वाचली.

मग सगळा वेळ लाकडाला द्या. सुतार ओक झाडाचं लाकूड ओलं असतानाच तासत, वाळलं की ते फार कठीण होतं. पुढे ते जागेवरच वाळतं आणि पिळवटतं, म्हणून खांब वाकडा दिसला तरी घर पडायला आलंय असं समजू नका. सांध्याजवळ जा. एका लाकडाची कूस, म्हणजे तासून पुढे काढलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत आणि आरपार ओकची खुंटी. दोन्हीकडची भोकं मुद्दाम किंचित मागेपुढे पाडत, त्यामुळे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जाई. ही हुशारी बघून मला दरवेळी भरून येतं. अशा घरांचा सांगाडा आधी जमिनीवर जुळवत आणि लाकडांवर रोमन आकडे कोरत. मोबाइलचा टॉर्च लाकडालगत आडवा धरा, चारच्या जागी चार उभ्या रेघाही सापडतील.

खांबांमधल्या भिंती म्हणजे मुळात आपल्या कोकणातला कूडच: काठ्यांचं विणकाम, वर माती, शेण, पेंढा. पुष्कळ ठिकाणी नंतर विटा आल्या.

चुलाणापाशी खाली बघायला विसरू नका. धुराड्यातून चेटकिणी उतरू नयेत म्हणून फरशीवर खडूने वर्तुळं काढलेली आहेत.

आणि बाकीचे पब बघताना काळ्या-पांढऱ्या रंगावरून वय ठरवू नका. लाकडाला काळं फासायची हौस बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. जुना ओक नुसता ठेवला तर रुपेरी करडा दिसतो.