विशी-तिशीतला सततचा थकवा : कारण शोधून तो घालवायचा कसा

रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड, दुपारी पेंग, संध्याकाळी काहीच करावंसं वाटत नाही. असं दोन-तीन आठवडे सलग चाललं तर त्याला आळस म्हणून सोडून देऊ नका आणि लगेच टॉनिकची बाटलीही आणू नका. कारण न शोधता घेतलेलं टॉनिक बहुतेक वेळा फक्त खर्च वाढवतं.

आधी एक गोष्ट तपासून घ्या. थकव्याबरोबर छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा लोहाची गोळी चालू नसताना काळी शौचाला होणं असेल, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपोआप वजन घटत असेल, सारखा ताप येत असेल किंवा रात्री कपडे भिजण्याइतका घाम येत असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. पुढच्या पायऱ्या बाकीच्यांसाठी आहेत.

१. थकवा कुठल्या जातीचा, ते ओळखा

दुपारी शांत खोलीत पुस्तक घेऊन बसलात की डोळा लागतो? मग झोप कमी पडते आहे किंवा तिचा दर्जा वाईट आहे. डोळा लागत नाही, पण दोन जिने चढताना पाय गळतात, छाती धडधडते? मग रक्त आणि थायरॉइडकडे आधी बघा. अंगात ताकद आहे, पण एरवी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्यात? असं दोन आठवड्यांहून जास्त राहिलं तर नैराश्याचा विचार करायला हवा. या जाती एकमेकींत मिसळतात, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

२. दोन आठवडे नोंद ठेवा

एका वहीत रोज लिहा: अंथरुणावर पडल्याची आणि उठल्याची वेळ, चहा-कॉफीचे कप आणि त्यांच्या वेळा, चुकलेली जेवणं, पाळीचे दिवस, चालू औषधं. सकाळी १०, दुपारी ३ आणि रात्री ८ वाजता थकव्याला ० ते १० पैकी आकडा द्या. झोप किती वाजता लागली ते सकाळी अंदाजाने लिहा. रात्री घड्याळ बघत बसलात तर उरलीसुरली झोपही उडेल. कामाच्या दिवशी ५-६ तास आणि सुट्टीला ९-१० तास असा हिशेब दिसला, तर बरंचसं उत्तर तिथेच आहे.

३. झोपण्याची नव्हे, उठण्याची वेळ बांधा

प्रौढांना रात्री किमान ७ तास झोप लागते. अडचण अशी की विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ आयुष्यात सर्वांत उशिराकडे सरकलेलं असतं, म्हणून ‘आजपासून ९ वाजता झोपायचं’ हा निश्चय फसतो. माणूस तासभर कूस बदलत पडतो आणि अंथरूण म्हणजे जागरण अशी मेंदूला सवय लागते.

त्याऐवजी उठण्याची एक वेळ ठरवा. सुट्टीच्या दिवशीही ती तासाभरापेक्षा जास्त हलू देऊ नका. उठल्यावर २०-३० मिनिटं बाहेरच्या उजेडात घालवा. झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. दुपारची डुलकी ३ च्या आत आणि २० मिनिटांचीच. पहिले काही दिवस थकवा वाढल्यासारखा वाटेल. तिथेच बरेच जण हे सोडून देतात. दोन-तीन आठवडे तरी द्या.

कॅफीन निम्मं उतरायला सरासरी ५ तास लागतात. संध्याकाळी ५ ला घेतलेल्या कॉफीतलं अर्धं कॅफीन रात्री १० ला अंगातच असतं. झोपेआधी ८ तास ते बंद करा. एका दिवसात सगळं तोडू नका, डोकं दुखेल आणि थकवा वाढेल. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री मोडते.

४. खाणं आणि हालचाल

वजन कमी करायच्या नादात जेवण निम्म्यावर आणून व्यायाम दुप्पट करणाऱ्यांना थकवा येणारच. त्यात तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. व्यायाम रोज १० मिनिटं चालण्यापासून सुरू करून आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या. मात्र थोड्याशा श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळायला होत असेल तर जोर लावू नका. तो प्रकार वेगळा आहे, तो वाढवलेल्या व्यायामाने बिघडतो.

५. रक्त तपासा, गोळ्या नंतर

डॉक्टरांशी बोलून सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. लोहाच्या किंवा बी-१२ च्या गोळ्या आधी सुरू केल्या तर अहवाल फसवा येतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते आधी सांगा, थायरॉइडचे आकडे त्याने चुकू शकतात.

फेरिटिन हटकून मागा. बायकांत हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, पण लोहाचा साठा त्याच्या कितीतरी आधी संपलेला असू शकतो. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा रिकामा; ३० च्या खाली असलं तरी अनेक डॉक्टर उपचार करतात. अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर हा आकडा खोटाच चढतो. पाळीत दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल किंवा रक्तस्राव ७ दिवसांवर जात असेल, तर ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका. नुसत्या गोळ्यांनी तो खड्डा भरत नाही.

लोहाची गोळी चहा-कॉफी, दूध किंवा कॅल्शियमबरोबर घेतली की लोह बरंच कमी शोषलं जातं. मध्ये एक-दोन तास जाऊ द्या. गोळी चालू असताना शौचाला काळी होते, ते अपेक्षितच आहे. दुसरी चूक म्हणजे बरं वाटलं की गोळी बंद करणं. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साठा भरायला साधारण ३ महिने लागतात. नीट गोळ्या घेऊनही ४ आठवड्यांत हिमोग्लोबिनचा आकडा हलला नाही, तर रक्त कुठून जातंय किंवा लोह का शोषलं जात नाही, ते शोधावं लागतं.

अहवाल सगळे नीट, झोपही ७-८ तास, तरी दिवसा पेंग? मग रात्री फोनवर आवाज रेकॉर्ड करा. मोठं घोरणं, मध्येच शांतता आणि मग धापेसारखा श्वास ऐकू आला, तर ते रेकॉर्डिंग घेऊनच डॉक्टरांकडे जा. सडपातळ तरुणांनाही झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होतो. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांसकट सगळी चालू औषधंही बरोबर न्या, त्यातल्या काहींनी दिवसभर झापड राहते.