गुऱ्हाळातून रसायनशास्त्राचा पाठ कसा घडवावा

रसायनशास्त्राच्या पुष्कळ धड्यांच्या शेवटी 'दैनंदिन जीवनातील उपयोग' अशी एक चौकट असते आणि वर्गात ती वाचून दाखवली की धडा संपला असे मानले जाते. व्यवसायाशी जोडलेले अध्यापन साहित्य तयार करण्याची वेळ आली की आपण बहुधा हीच चौकट थोडी मोठी करतो, तिच्यात दोन छायाचित्रे घालतो आणि मूळ धडा जसाच्या तसा ठेवतो. असे साहित्य विद्यार्थ्याला उदाहरण पुरवते, पण प्रश्न पुरवत नाही. म्हणून प्रकरणाला शोभेल असा व्यवसाय शोधू नये. त्या व्यवसायातल्या माणसाला रोज घ्यावा लागणारा एखादा निर्णय शोधावा आणि त्या निर्णयाखाली कोणते रसायन दडले आहे ते उकलत पाठ बांधावा. ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते येथे कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळाच्या आधाराने मांडले आहे.

कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या गांधीजींच्या नई तालीमच्या विचारात हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्य होता, आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने प्रत्यक्ष कामातून शिकण्याची रीत ग्रामीण शाळांपर्यंत नेली. अडचण नेहमी एकाच ठिकाणी येते: काम एका तासाला आणि विषय दुसऱ्या तासाला असे दोन रूळ पडतात आणि ते कधी एकमेकांना मिळत नाहीत. ते मिळावेत यासाठी साहित्य लिहिणाऱ्यालाच कष्ट घ्यावे लागतात.

निर्णय निवडणे

गुऱ्हाळात गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, असंख्य गोष्टी करतो, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याचे तीन निर्णय महत्त्वाचे आहेत: रसात चुन्याची निवळी किती घालायची, मळी (उकळत्या रसावर येणारा मळ) केव्हा आणि किती वेळा काढायची, आणि काहील (रस उकळण्याची मोठी कढई) चुलवाणावरून नेमकी केव्हा उतरवायची. एका पाठात यांतला एकच निर्णय घ्यावा. तिन्ही एकत्र घेण्याचा मोह फार होतो, कारण भेटीत सगळेच डोळ्यांसमोर घडत असते. पण त्यामुळे पाठाचे रूपांतर गूळ कसा तयार होतो या माहितीपर निबंधात होते. निर्णय चांगला आहे की नाही हे ओळखण्याची साधी कसोटी अशी, की तो चुकला तर कोणाचे तरी नुकसान व्हायला हवे. चुना कमी पडला तर गूळ मऊ राहतो आणि ढेप लवकर पाझरते, जास्त झाला तर रंग काळपट होऊन चव बिघडते. म्हणजे हा निर्णय कसोटीला उतरतो.

भेट

गुळाचा हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो, त्यामुळे साहित्याचा पहिला आराखडा पावसाळ्यातच तयार असावा. पहिली भेट शिक्षकाने एकट्याने करावी आणि किमान एक आदण, म्हणजे काहिलीत एका वेळी शिजणारा रस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावे. या भेटीत प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. 'चुना का घालता?' असे विचारले तर 'रस साफ होतो' एवढेच उत्तर मिळते. 'आज कालच्यापेक्षा कमी घातलात, ते का?' असे विचारले तर उसाची जात, तोडणीला झालेले तास, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटलेला ऊस) की नवी लागण, जमीन खारवट आहे की नाही अशा गोष्टी बाहेर येतात. हीच उत्तरे पुढे विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची विदा असते.

गुळव्याचे शब्द जसेच्या तसे टिपावेत. चिपाड (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा), मळी, काकवी (पातळ गूळ), वाफा (पाक ओतून थंड करण्याची जागा), आदण या शब्दांना पाठ्यपुस्तकी पर्याय शोधून मूळ शब्द पुसून टाकणे हा असे साहित्य बनवताना होणारा सर्वांत मोठा अपराध आहे, कारण ज्या मुलाच्या घरी गुऱ्हाळ आहे त्याचे ज्ञान त्याच क्षणी वर्गाबाहेर जाते. मळी हा शब्द ठेवावा आणि तिच्यात अवक्षेप, कलिल कण व तंतू कसे एकत्र येतात ते समजावून सांगावे.

विद्यार्थ्यांची भेट नंतर ठेवावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवण्याची तरतूद सुचवली आहे. वरच्या वर्गांसाठी मात्र भेटीचा एक दिवस शिक्षकाला वेळापत्रकातून खेचूनच काढावा लागतो. उकळत्या काहिलीपासून मुलांना किती अंतरावर उभे करायचे ते आधी गुऱ्हाळमालकाशी ठरवून दोरी बांधून घ्यावी. गरम पाक त्वचेला चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा कितीतरी खोल भाजतो, म्हणून येथे सूचनांवर विसंबू नये.

चुन्याखालचे रसायन

ताज्या उसाच्या रसाचा सामू (pH; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५ ते ५.५ असतो, म्हणजे रस किंचित आम्लधर्मी असतो. अशा रसाला तासन् तास उकळले तर सुक्रोजचे जलीय अपघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. आम्ल येथे उत्प्रेरकाचे काम करते आणि तापमान वाढेल तसा अभिक्रियेचा वेग वाढतो. या दोन साध्या शर्करा सुक्रोजचे स्फटिक जमू देत नाहीत आणि त्यांतले फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून गूळ मऊ राहतो. चुन्याची निवळी म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे द्रावण. ती घातल्यावर आम्लाचे उदासिनीकरण होऊन सामू साधारण ६ ते ६.५ च्या आसपास येतो, आणि त्याच वेळी रसातल्या फॉस्फेटशी कॅल्शियमचा संयोग होऊन कॅल्शियम फॉस्फेटचा अवक्षेप तयार होतो, जो खाली बसताना किंवा वर तरंगताना बारीक अशुद्धी आपल्यासोबत ओढून नेतो. ठेचून भिजवलेल्या रानभेंडीचा चिकट द्रव हेच काम दुसऱ्या वाटेने करतो: त्यातल्या लांब साखळ्यांच्या बहुशर्करा विखुरलेल्या कणांना एकत्र बांधतात आणि मळी काढण्याजोगी होते. उलट चुना जास्त झाला तर ग्लुकोज व फ्रुक्टोज आम्लारीधर्मी माध्यमात विघटित होऊन गडद रंगाची संयुगे देतात.

एवढ्या एका निर्णयातून शालेय वर्गांतले आम्ल व आम्लारी, मिश्रणे व कलिले, आणि बारावीतली रासायनिक गतिकी एकाच धाग्यात येतात. सुक्रोजचे अपघटन हे आभासी प्रथम कोटीच्या अभिक्रियेचे ठरलेले उदाहरण आहे. पाणी प्रचंड प्रमाणात असल्यामुळे त्याची संहती बदलत नाही असे आपण फळ्यावर म्हणतो. पण काहिलीत पाणी सतत कमी होत असते. हे गृहीतक आदणाच्या शेवटीशेवटी टिकते का, हा प्रश्न बारावीच्या हुशार मुलांना जरूर घालावा.

दर्शकाची निवड येथे पाठाचा कस पाहते. सवयीने आपण हळद किंवा लिटमस हाती देतो. हळदीचा रंग सामू साडेसातच्या वर गेल्यावरच लालसर होऊ लागतो, त्यामुळे ५.२ आणि ६.४ या दोन्ही रसांना ती पिवळीच राहते. लिटमसही या पट्ट्यात धूसर जांभळे उत्तर देते. ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक ५.२ ते ६.८ या दरम्यान पिवळ्याचा जांभळा होतो, म्हणून तो येथे नेमका बसतो. रस स्वतः गढूळ व रंगीत असल्याने तो परीक्षानळीत न पाहता पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर एकेक थेंब ठेवून पाहावा. आधी हळद देऊन ती निरुपयोगी ठरू द्यावी आणि मगच योग्य दर्शक पुढे करावा. दर्शक निवडायचा असतो ही गोष्ट मुलांना त्याशिवाय कळत नाही.

वर्गातला प्रयोग

साखरेचे पाच टक्के द्रावण तीन परीक्षानळ्यांत घ्यावे. एकीत काहीच घालू नये, दुसरीत सायट्रिक आम्लाची चिमूट घालावी, तिसरीत खाण्याच्या सोड्याची. तिन्ही नळ्या उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रात वीस मिनिटे ठेवाव्यात, दुसऱ्या नळीतले आम्ल सोड्याने उदासीन करावे आणि मग साध्या शर्करा ओळखणाऱ्या बेनेडिक्ट द्रावणाने चाचणी घ्यावी. सुक्रोज ही चाचणी देत नाही, पण तिच्यापासून झालेले ग्लुकोज व फ्रुक्टोज देतात. त्यामुळे आम्लाच्या नळीत विटकरी अवक्षेप येतो आणि उरलेल्या दोन निळ्याच राहतात. आम्ल उदासीन करायला विसरल्यास चाचणी फसते, हे शिक्षक-पुस्तिकेत ठळक लिहावे. चुन्याची निवळी करताना कळीचा चुना शिक्षकानेच आदल्या दिवशी विझवून ठेवावा. मुलांसमोर तो विझवायचा असेल तर डोळ्यांवर चष्मा हवाच.

काहील उतरवण्याचा क्षण

उतरवण्याचा निर्णय वेगळ्या पाठासाठी राखून ठेवावा, पण तो तयार करताना लागणारी आकडेमोड येथे देतो, कारण तिच्यात एक उपयोगी सापळा आहे. गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते पाहतो. तापमापीच्या भाषेत हा क्षण साधारण ११८ अंश सेल्सिअसला येतो, तर काकवीसाठी काहील १०५ ते १०६ अंशांनाच उतरवतात. साखरेचा शुद्ध पाक ११८ अंशांना उकळतो तेव्हा त्यात सुमारे ८७ टक्के साखर असते. आता पुस्तकातले उत्कलनांक-उन्नयनाचे सूत्र लावावे: १३ ग्रॅम पाण्यात ८७ ग्रॅम सुक्रोज म्हणजे मोलॅलिटी सुमारे १९.६, तिला पाण्याच्या स्थिरांकाने, म्हणजे ०.५२ ने, गुणले की वाढ येते १०.२ अंश. सूत्र ११० अंश सांगते आणि काहील ११८ दाखवते. हा फरक लपवू नये. सूत्र विरल द्रावणासाठी आहे ही पुस्तकातली ओळ मुले येथे पहिल्यांदा खरोखर वाचतात. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून तापमापी आधी उकळत्या साध्या पाण्यात बुडवून नोंद घ्यावी.

इंधनाचे गणितही याच पाठात बसते. एक टन उसातून सुमारे ६०० किलो रस मिळाला आणि त्यात २० टक्के विद्राव्य घन पदार्थ असले, तर गूळ होईपर्यंत पावणेपाचशे किलोच्या आसपास पाणी उडवावे लागते; बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा किलोमागे २२६० किलोज्यूल धरला तर केवळ पाणी उडवण्यासाठी साधारण १० लाख ७० हजार किलोज्यूल लागतात. ही उष्णता त्याच उसाच्या चिपाडातून येते. चिपाड पुरते की बाहेरून जळण आणावे लागते, हे विद्यार्थ्यांनी गुऱ्हाळमालकाला विचारून यावे.

हायड्रॉसचा प्रश्न

गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस, म्हणजे सोडियम डायथायोनाइट, वापरले जाते. ते क्षपणक असल्यामुळे रंगद्रव्ये फिकट करते, आणि गूळ साठवणीत हवेच्या संपर्कात आला की रंग पुन्हा गडद होऊ लागतो. क्षपण शिकवण्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे अवघड आहे, तरीही हे द्रव्य मुलांच्या हाती देऊ नये, कारण ओल लागली तर ते तापते, पेट घेऊ शकते आणि त्यातून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. साहित्यात चर्चेचा मजकूर द्यावा, प्रयोग देऊ नये. दोष कारागिरावर ढकलणारी मांडणीही टाळावी. पिवळ्या गुळाला बाजारात भाव कोण देतो हा प्रश्न त्याच पानावर असावा. बाजारातल्या नमुन्यांची चाचणी केलीच, तर गुऱ्हाळाचे नाव कोणत्याही अहवालात येऊ देऊ नये.

प्रश्न लिहिणे आणि पाठ तपासणे

'गूळ बनवताना चुना का वापरतात?' हा पाठांतराचा प्रश्न आहे. त्याऐवजी असे लिहावे: 'ऊस तोडून दोन दिवस पडून होता. रसाचा सामू ४.९ भरला. गुळव्याने नेहमीइतकीच निवळी घातली. गुळाचे काय होईल, आणि तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते? पडून राहिलेल्या उसात निवळीने दुरुस्त होणार नाही असे काय बदललेले असेल?' शेवटच्या उपप्रश्नाचे उत्तर असे, की आधीच झालेले अपघटन उलट फिरवता येत नाही. आणि ज्याला ते सुचले त्याला अभिक्रियेचा वेग आणि तिची दिशा या दोन्ही गोष्टी उमगल्या असे समजण्यास हरकत नाही.

मसुदा तयार झाला की तो दोन ठिकाणी तपासावा. एका तुकडीवर शिकवून पाहावा आणि मुले कोठे अडतात ते समासात लिहावे. आमच्याकडे बहुतेक मुले 'सामू वाढला म्हणजे आम्ल वाढले' येथेच अडतात, म्हणून त्या जागी एक साधा तक्ता हवाच. मग तोच मजकूर गुळव्याला वाचून दाखवावा. रासायनिक आशयाची शंका असल्यास कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी विचारता येते, पण 'आम्ही असे करत नाही' हे वाक्य फक्त गुळव्याच सांगू शकतो.

ज्यांच्या गावात गुऱ्हाळ नाही त्यांनी ते शोधत फिरू नये. कल्हईवाला नवसागर टाकून तांब्याच्या भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो आणि भांडे पुरेसे तापले की नाही ते कथिल कसे पसरते त्यावरून ठरवतो. मिठागरातला कामगार मीठ कोणत्या दिवशी ओढायचे हे ठरवताना मॅग्नेशियमचे क्षार असलेले कडवट पाणी मागे सोडत असतो. दोन्हीकडे निर्णय आहे, तो चुकला तर नुकसान आहे, आणि विचारले तर उत्तर देणारा माणूस समोर बसलेला आहे.

गुऱ्हाळाच्या साहित्याची दुसरी आवृत्ती पुढच्या हंगामाच्या पहिल्या आदणानंतर काढावी, कारण उसाची जात बदलली की सामूचे आणि निवळीचे आकडेही बदलतात. आकड्यांचा तक्ता म्हणूनच छापील पानावर न देता रिकामा ठेवावा आणि तो प्रत्येक वर्षीच्या तुकडीने भरावा.