अकराव्यांदा पुसण्याआधी

कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, माझा पहिला व्हिडिओ चार महिने फोनमध्येच पडून होता. बेळगावात टिळकवाडीतल्या स्वयंपाकघरात अकरा वेळा बोलले, अकरा वेळा पुसलं. कारण एकच. बोलता बोलता 'दूध आटूलालंय' (म्हणजे आटतंय) तोंडातून जायचं आणि वाटायचं, पुण्याकडचे लोक काय म्हणतील?

तुम्हालाही व्हिडिओ टाकायची भीती वाटत असेल, तर ती अशी एका वाक्यात कागदावर लिहा. मी लिहिली तेव्हा दिसलं, पाककृतीत चूक नव्हतीच. आमची मराठी कानडीच्या शेजारात वाढलीय. ती मी आता लपवत नाही, आणि बेळगाव-निपाणीकडच्या कुणीच लपवू नये असं मला मनापासून वाटतं.

टेक दोनच घ्या. अडखळलात तर क्षणभर थांबून तेवढंच वाक्य पुन्हा म्हणा. मधला तुकडा नंतर कापता येतो. एडिटिंगला तासाभराचा गजर लावा. शेवटी फक्त आवाज आणि साहित्याचं प्रमाण तपासा. यूट्यूबवर शीर्षक, वर्णन नंतर बदलता येतं, नको तो भाग यूट्यूबच्याच 'स्टुडिओ'मध्ये कापताही येतो. पण त्याच लिंकवर नवा व्हिडिओ चढवता येत नाही, म्हणून दुधा-साखरेचं माप आधीच नीट पाहा.

टाकलात की फोन बाजूला ठेवा, आकडे दुसऱ्या दिवशी. मला पहिली प्रतिक्रिया खानापूरच्या एका काकूंची आली: 'साखर जरा उशिरा घाल गं, बाळ.' पुढच्या खेपेला तशीच घातली.